पुढची शिफ्ट आमची असते, मग हँडओव्हर का नाही? हॉस्पिटलवाल्यांना एक खुलं पत्र

वॉर्डातल्या डॉक्टरांना, सिस्टरना, डिस्चार्जची फाइल बनवणाऱ्यांना आणि वरच्या मजल्यावर बसून नियम ठरवणाऱ्या मॅनेजमेंटला,

नमस्कार.

आधीच सांगते, हे तक्रारपत्र नाहीये. म्हणजे थोडंसं आहे, पण तुम्ही आईला वाचवलंत हे मी विसरलेली नाही. ७९ वर्षांची बाई, न्यूमोनिया, ऑक्सिजन लावलेला, आणि अकरा दिवसांनी ती व्हीलचेअरवर का होईना पण बसून घरी आली, याचं श्रेय तुमचंच. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या दिवसांबद्दल, ज्यांच्याबद्दल तुमच्याकडे कोणीच बोलत नाही.

अकरा दिवस आईच्या खाटेशेजारी बसून मी एक गोष्ट रोज बघायचे. शिफ्ट बदलायची वेळ झाली की दोन सिस्टर खाटेपाशी यायच्या आणि जाणारी येणारीला सगळं सांगायची, यालाच तुम्ही हँडओव्हर म्हणता. कुठलं सलाईन कधी लावलं, लघवी किती झाली, डाव्या हाताची शीर खराब झालीय तिकडे टोचू नका, आजी रात्री मास्क ओढून काढतात तेव्हा लक्ष ठेवा, सकाळची अमुक गोळी डॉक्टरांनी थांबवलीय. येणारी मध्ये मध्ये विचारायची, फाइलमध्ये बघून खात्री करायची आणि मगच पहिली घरी जायची. पाच-सात मिनिटांचं काम, पण ते चुकलेलं मी एकदाही पाहिलं नाही, रात्रीही नाही आणि वॉर्ड खचाखच भरलेला असतानाही नाही.

मग डिस्चार्जचा दिवस आला. सकाळी राऊंडला सांगितलं आज सोडतो, आणि हातात फाइल पडेपर्यंत संध्याकाळ झाली. चार पानं, औषधांची पिशवी, इथे सही करा, पुढच्या आठवड्यात ओपीडीला या, काही विचारायचंय का? मी म्हटलं नाही. काय विचारायचं तेच कळत नव्हतं हो! एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आईची काठी, मागे लिफ्ट अडकवून उभा असलेला माणूस, त्यात कोण काय विचारणार.

म्हणजे बघा, ज्या सिस्टरने नर्सिंगचं शिक्षण घेतलंय, जिच्यासमोर मॉनिटर आहे, बेल वाजवली की डॉक्टर येतात, तिला दर शिफ्टला खाटेपाशी उभं राहून हँडओव्हर मिळतो. आणि ज्या बाईने आयुष्यात कोणाचं बीपीसुद्धा मोजलेलं नाही, जिची शिफ्ट त्या संध्याकाळी सुरू होऊन कधी संपणार ते माहीत नाही, तिच्या हातात चार पानं आणि एक सही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. खाली आता त्याचंच पुराण आहे, वेळ असेल तर वाचा.

पहिल्याच रात्री दोन वाजता आई टॉयलेटला जायला उठली आणि पलंगाच्या कडेला खालीच बसली. पडली नाही, पायच उचलेनात. मला वाटलं हे काहीतरी नवीन झालं, लकवा वगैरे, माझे हातपाय गार पडले. नंतर कळलं की यात नवल काहीच नव्हतं. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, चांगली ठणठणीत ज्येष्ठ मंडळी, सरासरी वय ६७, कुठलाही आजार नाही, त्यांना फक्त १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं तर पायांतलं स्नायूंचं वजन जवळजवळ १ किलोने उतरलं. फक्त झोपून! आई तर आजारी होती, धड जेवत नव्हती आणि वयाने १२ वर्षांनी मोठी. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत असतं ना? मग निघताना एक वाक्य सांगायचं, की यांचे पाय कमजोर झालेत, पहिले काही दिवस रात्री एकटीला उठू देऊ नका, पलंगाजवळ दिवा ठेवा, आणि दिवसा मात्र झोपवून ठेवू नका, थोडं थोडं चालवा. याच्या उलट आम्हाला काय सांगितलं गेलं तर 'भरपूर आराम करू द्या'. आम्ही इमानदारीत आठवडाभर तिला आराम करू दिला. जेवण पलंगावर, पाणी हातात, उठूच दिलं नाही. उरलेसुरले पायही आम्ही प्रेमाने घालवले.

आता औषधं. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आमचं खरं घोडं इथेच अडलं. आईची आधीची बीपीची गोळी होती, ती घरच्या डब्यात होतीच. तुम्ही दिलेल्या पिशवीत दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या नावाची, वेगळ्या रंगाची गोळी होती. आम्ही काय केलं? दोन्ही दिल्या. जुनी बंद करा असं कुठे लिहिलं नव्हतं आणि नवीन घ्या असं लिहिलं होतं, मग दोन्ही. चौथ्या दिवशी आईला उभं राहिलं की चक्कर यायला लागली, आम्हाला वाटलं अशक्तपणा. ओळखीच्या फार्मासिस्टने दोन्ही पाकिटं हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला ताई हे एकच औषध आहे, डबल डोस चाललाय. मी शिकलेली बाई आहे, पाकिटावरचं वाचता येतं मला, पण मोठ्या अक्षरातलं नाव वेगळं असल्यावर खालचं मुंगीएवढं नाव वाचायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे फक्त आमच्याकडेच झालं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची जगभरची मोहीम काढली, त्यात भर द्यायचे जे तीन मुद्दे निवडले त्यातला एक हाच आहे, पेशंट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना होणाऱ्या औषधांच्या चुका. दुसरा मुद्दा एकाच वेळी खूप औषधं चालू असणं. म्हातारपणी हे दोन्ही एकत्रच येतं.

यावर उपाय काही फार मोठा नाही. एक कागद, तीन रकाने. हे आधीपासून चालू होतं ते चालू ठेवा, हे नवीन, आणि हे बंद. बंदचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुठल्या फाइलमध्ये नसतो. त्यासाठी ॲडमिट करतानाच घरचा गोळ्यांचा डबा मागवून घ्या, नुसतं 'बीपीची गोळी चालू आहे का' विचारून 'हो' लिहू नका. आणि प्रत्येक गोळीसमोर साध्या भाषेत लिहा की ही कशासाठी आणि कधीपर्यंत. वॉर्डात झोप येत नाही म्हणून सुरू केलेली झोपेची गोळी, अ‍ॅसिडिटी होऊ नये म्हणून दिलेली गोळी, या घरी येतात आणि मग वर्षानुवर्षं चालूच राहतात, कारण थांबवायचं कोणी हे ठरलेलंच नसतं, ज्याने सुरू केली तो परत भेटत नाही आणि बाकीचे म्हणतात मोठ्या हॉस्पिटलने दिलीय म्हणजे असेल कशासाठी तरी. आणि ते बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना) काय ते कृपा करून आमच्या कागदावर नको. एका ओळखीच्या काकूंनी 'एसओएस' लिहिलेली दुखण्याची गोळी आठवडाभर घेतलीच नाही, कळवळत बसल्या, कारण त्यांना वाटलं ही फक्त जिवावर बेतलं तरच घ्यायची. 'गरज वाटली तर' असं लिहायला कितीशी शाई लागते?

डिस्चार्ज समरी तुमच्या पद्धतीने लिहा, ती पुढच्या डॉक्टरसाठी असते, त्यात इंग्रजी आणि शॉर्टफॉर्म असणारच, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. आणि ती बहुतेक वेळा दोन दिवस न झोपलेला एखादा ज्युनिअर डॉक्टर जुन्या पेशंटची समरी उघडून त्यावर टाइप करत असतो हेही मी पाहिलंय, त्या पोरावर राग नाही. पण आमच्यासाठी वेगळं एक पान हवं.

त्या पानावर 'काही वाटलं तर घेऊन या' हे वाक्य मात्र नको. काही म्हणजे काय? मी दिवसातून चार वेळा थर्मामीटर लावत होते, ताप नाही म्हणून खूश होते. म्हाताऱ्या माणसांना इन्फेक्शन झालं तरी कधी कधी ताप येतच नाही, आधी जेवण सुटतं, गुंगी येते, बरळायला लागतात, नाहीतर पडतात, हे मला दुसऱ्या अ‍ॅडमिशनला कळलं. हार्टच्या पेशंटचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर ते जेवण अंगी लागलेलं नसतं, अंगात पाणी साठत असतं. अशी प्रत्येक आजाराची चार-पाच लक्षणं असतात, तुम्हाला तोंडपाठ असतात. ती लिहा. आणि पुढे लिहा की असं झालं तर कोणत्या नंबरला, रात्री असेल तर कोणत्या, आणि तो नंबर उचलणारा माणूस ठेवा. फाइलवर छापलेल्या नंबरवर मी तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा अपॉइंटमेंटसाठी एक दाबा.

बरळण्यावरून आठवलं. घरी आल्यावर तिसऱ्या रात्री आई मला म्हणाली कोपऱ्यात बसलेल्या त्या बाईंना जेवायला वाढ. कोपऱ्यात कोणी नव्हतं. मी रात्रभर जागी, मनात एकच की आईचं डोकं गेलं आता. भावाला फोन केला तर तो म्हणाला वय झालं, असं होतं. नाही हो, 'वय झालं' नाही. याला डिलिरियम म्हणतात, आजारात, ऑपरेशननंतर, नवीन औषधांनी, झोप मोडल्याने म्हाताऱ्या माणसांना होतो, दिवसभरात कमीजास्त होत राहतो आणि घरी आल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे रेंगाळू शकतो, आणि बऱ्याचदा त्यामागे उपचार करता येईल असं काहीतरी असतं. कधी कधी उलटा प्रकार, माणूस एकदम गप्प, नुसता झोपून, आणि घरचे म्हणतात किती शांत आहेत. वॉर्डात पण आईला दोन रात्री असं झालं होतं, तुमच्या नोट्समध्ये ते लिहिलेलं होतं. मला सांगितलं मात्र कोणीच नाही. माझ्या तीन रात्री नुसत्या भीतीत गेल्या, एका वाक्याने वाचल्या असत्या.

त्यात भर म्हणजे तिचा चष्मा तुमच्याकडेच राहिला. दिसत नाही, कमी ऐकू येतं, अंधारी खोली, मग कोपऱ्यात बाई दिसणार नाही तर काय.

तुमच्यातलेच जाणकार लोक हे सगळं कधीपासून सांगतायत. २०१३ मध्ये हार्लन क्रमहोल्झ नावाच्या अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी याला 'पोस्ट हॉस्पिटल सिंड्रोम' असं नावच दिलं. त्यांचं म्हणणं असं की मूळ आजार बरा झाला तरी हॉस्पिटलमधली मोडलेली झोप, उपासमार, दुखणं, अंथरूण, गोंधळ, या सगळ्याने माणूस काही आठवडे इतका नाजूक झालेला असतो की तो परत ॲडमिट होतो तो बऱ्याचदा भलत्याच कारणाने. त्याआधी २००९ मध्ये तिकडच्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या पेशंटचा हिशेब आला होता, डिस्चार्ज मिळालेल्यांपैकी जवळजवळ पाचातला एक ३० दिवसांत परत ॲडमिट, आणि ऑपरेशनशिवायच्या आजारातून घरी जाऊन असे परत आलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी मधल्या काळात कुठल्या डॉक्टरला दाखवल्याची नोंदच नाही. म्हणजे हॉस्पिटल ते हॉस्पिटल, मध्ये कोणीच नाही. मध्ये आम्ही.

आणि उपाय पण करून बघितलेत लोकांनी. मेरी नेलर या नर्स संशोधक, त्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की एकच अनुभवी नर्स पेशंटला वॉर्डात भेटली, डिस्चार्जचं तिने ठरवलं, आणि मग तीच महिनाभर घरी जाऊन आणि फोनवर बघत राहिली, तर २४ आठवड्यांत परत ॲडमिट होणारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. बॉस्टनमध्ये २००९ साली आणखी साधं केलं, एक नर्स डिस्चार्जची सगळी जबाबदारी घेणार, पेशंटला समजेल अशी पुस्तिका देणार, आणि दोन ते चार दिवसांत फार्मासिस्ट फोन करून गोळ्यांची चौकशी करणार. परत ॲडमिट होणं आणि इमर्जन्सीला धावणं मिळून सुमारे ३० टक्के कमी झालं. यात कुठलं मशीन नाही, इमारत नाही. एक माणूस आणि एक फोन.

तुम्ही म्हणाल आमच्याकडे स्टाफ कमी आहे. मान्य. एका सिस्टरकडे किती खाटा असतात ते मी डोळ्यांनी बघितलंय, तिला पाणी प्यायला वेळ नव्हता. म्हणून हे पत्र सिस्टरपेक्षा मॅनेजमेंटसाठी जास्त आहे. नवीन लॉबी झाली, फाइलवर नवीन लोगो आला, तर डिस्चार्जसाठी एक नर्स वेगळी ठेवणं अगदीच अशक्य नसावं असं आपलं मला वाटतं.

आणि काही गोष्टींना तर जास्तीचा माणूसही लागत नाही, फक्त प्रश्न बदलावा लागतो. तुम्ही विचारता 'घरी कोण आहे?' आम्ही सांगतो मुलगा आहे, सून आहे, तुम्ही टिक करता. तो मुलगा दुसऱ्या गावाला असतो आणि फोनवर असतो. त्यापेक्षा विचारा, रात्री दोन वाजता यांना टॉयलेटला कोण नेणार? हा प्रश्न विचारला की खरं घर समोर येतं. बऱ्याच घरांत उत्तर निघतं की ८२ वर्षांच्या आजोबांना ७६ वर्षांच्या आजी उचलणार आहेत, ज्यांचा स्वतःचा गुडघा गेलाय. हे कळलं तर तुम्ही कमोडची खुर्ची सुचवाल, वॉकर सुचवाल, दोन दिवस उशिरा सोडाल. आणि हा प्रश्न डिस्चार्जच्या संध्याकाळी नको, ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच विचारा, म्हणजे आम्हाला तयारीला वेळ मिळेल. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सोडू नका हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, जे आम्हाला घरी करायचंय ते तुमच्यासमोर आमच्या हातून करून घ्या. सांगू नका, करून घ्या. लघवीची पिशवी कंबरेच्या खाली ठेवायची हे मला सांगितलं होतं म्हणे, मला आठवत नाही. कूस कशी बदलायची, उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, इन्सुलिन कुठे टोचायचं, हे एकदा माझ्या हाताने केलं असतं तर लक्षात राहिलं असतं. येणारी सिस्टर कशी ऐकलेलं परत बोलून दाखवते, तसं आम्हालाही विचारा, 'सांगा बरं, उद्या सकाळी कुठली गोळी देणार?' अपमान वाटत नाही, उलट धीर येतो.

तिसरं, थोडं आईशीही बोला. अकरा दिवस सगळे तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते. ती मान हलवायची कारण तिला ऐकूच येत नव्हतं, आणि आपला कोणाला त्रास नको म्हणून. तिला काय हवं होतं माहितेय? स्वतःची स्वतः अंघोळ. तेवढंच. कोणी विचारलं असतं तर फिजिओथेरपीवाल्यांनी त्याच दिशेने व्यायाम दिला असता, आणि तो तिने केलाही असता. 'रोज २० वेळा पाय उचला' असं छापलेला कागद तिने उशीखाली ठेवून दिला.

नवव्या दिवशी आम्ही परत तुमच्याच दारात. चक्कर येऊन पडली, नशीब हाड मोडलं नाही, पण अंगातलं पाणी कमी झालेलं आणि परत इन्फेक्शन. आणखी सहा दिवस.

पण दुसऱ्या डिस्चार्जला एक वेगळीच गोष्ट झाली. रात्रपाळी संपवून निघालेली एक सिस्टर, तिने मला खाटेपाशी बोलावलं आणि अगदी तशीच उभी राहिली जशी शिफ्ट बदलताना उभी राहायची. म्हणाली, ताई, आता तुम्ही चार्ज घ्या. आणि मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कुठली गोळी का, कुठली बंद, आजी रात्री किती वाजता उठतात, डावीकडे कलतात तेव्हा तुम्ही डावीकडे उभ्या राहा, पाणी मागत नाहीत म्हणून तासाला आपणहून द्या, गप्प झाल्या तर घाबरा, चिडचिड करत असतील तर बऱ्या आहेत. मी वहीत लिहून घेतलं. तिने मला उलट विचारलं, मी दोन चुका केल्या, तिने दुरुस्त केल्या. पंधरा मिनिटं. माझा नंबर घेतला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी खरंच फोन केला, स्वतःच्या मोबाइलवरून, घरून, मागे तिचं पोर रडत होतं.

तिचं नाव मी लिहीत नाही, उगाच तिलाच कोणीतरी विचारायचं की पेशंटला पर्सनल नंबरवरून फोन का केलास. पण तो फोन तिच्या ड्युटीत कुठे लिहिलेला नव्हता, तो लिहा. कोणाच्या तरी ड्युटीत, वेळ देऊन, पगार देऊन लिहा. तिसऱ्या दिवशीचा एक फोन आणि निघताना खाटेपाशी पंधरा मिनिटं, एवढंच मागतेय.

आपली,
एका पेशंटची मुलगी, सध्या दिवस-रात्र दोन्ही शिफ्टला

ता. क. तपकिरी काड्यांचा चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. खिडकीजवळच्या खाटेच्या कपाटात खालच्या खणात बघा. आई अजून विचारते.